ओबदुलियाची अकरा झुडपं

ओबदुलिया चिरिनोस आमच्या शाळेत एकतीस वर्षं शिपाईण होती, आणि एकतीस वर्षं तिनं रोज तीच धूळ काढली. आमच्या कोरड्या पराग्वाना द्वीपकल्पावरचा वारा एकदा सुटला की थांबायचं नाव घेत नाही. सकाळी झाडलेलं अंगण दुपारी जसंच्या तसं. मी विज्ञान शिकवते, उगाच कुणाचं कौतुक करायची मला सवय नाही. पण हिचं करावंच लागेल.

निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा तिनं डोक्यात घेतलं, की जाण्याआधी शाळेपुढच्या उघड्या पट्ट्यात फुलं लावून जायचं. गुलाब लावले, पाण्याचा टँकर वीस दिवस फिरकला नाही, वाळले. जास्वंद लावली, शेळ्यांनी बुडख्यासकट खाल्ली. मुख्याध्यापिका मिर्ताबाईंना तो पट्टा एकदाचा सिमेंटनं बंद करायचा होता.

"हौस पुरे झाली, ओबदुलिया," त्या म्हणाल्या. "जुलैत वर्षअखेरच्या निरोप समारंभाला तिथं फुलं दिसली तर ठीक. नाहीतर दुसऱ्या दिवशी गवंडी."

मग तिनं ओढ्याकाठची जांभळी घाणेरी आणली. डिसेंबरात चार सरी पडल्या तेव्हा फांद्या खोचल्या, दोन महिने फरशी पुसलेलं पाणी घातलं, नंतर तेही बंद केलं.

"अहो, घाणेरी कोण लावतं?" मी म्हटलं. "रानात ढिगानं पडलीय."

"रानातल्या शेळ्या तिला तोंड लावतात का, ते सांगा आधी, बाई."

शेळ्या आल्या, हुंगून शिंकल्या आणि चालत्या झाल्या. मे महिन्यात अकरा झुडपं कमरेएवढी झाली आणि जांभळ्या फुलांनी गच्च भरली.

शेळ्यांचा प्रश्न सुटला, माणसांचा राहिला. या घाणेरीचा पाला उकळून त्या पाण्यानं अंघोळ केली की नशीब उघडतं, असं आमच्याकडे सगळे मानतात. एका कोळ्याच्या थोरल्या मुलीनं तशी अंघोळ केली आणि तिला कित्येक महिने अडलेला पासपोर्ट तिसऱ्याच दिवशी मिळाला. झालं! त्यात परीक्षा तोंडावर. आया आल्या, मावश्या आल्या, बेसबॉलवर पैजा लावणारे आले. एका शनिवार-रविवारात अकराही झुडपांचे खराटे झाले.

आता माझंही सांगते, लपवून काय उपयोग. माझ्या लेकीची तिकडे परदेशात, सांतियागोत नोकरीची मुलाखत होती. शनिवारी पहिली ओंजळ मी तोडली. मुलाखत लेकीची, अंघोळ आईची. यामागचं विज्ञान मला विचारू नका.

सोमवारी मिर्ताबाई त्या खराट्यांसमोर उभ्या राहिल्या. "आता तरी ऐकाल ना?" एवढंच म्हणाल्या. समारंभाला सहा आठवडे होते.

ओबदुलिया रडेल असं मला वाटलं. तिनं कोयता आणला आणि उरलेल्या काड्याही गुडघ्याखाली छाटून टाकल्या.

"जीव घेताय का त्यांचा?" मी धावत गेले.

"ओरबाडलेलं तसंच ठेवू नये. तोडायचं तर नीट तोडावं. फूल नव्या फुटव्यावरच येतं, बाई."

मन खात होतं म्हणून मी बादलीभर पाणी आणलं. तिनं बादली हातातून काढून घेतली आणि उचलून वर्गात फरशी पुसायला नेली. "पाणी पाजाल तर नुसता पाला माजेल. आणि पाला दिसला की तुमच्यासारख्या येतील."

मी तिच्यामागून दारापर्यंत गेले.

"मुलीचं काय झालं?" तिनं दारातून विचारलं.

"लागली नोकरी."

"मग तोंड का पाडलंय?"

दहा दिवस नुसते खुंट दिसत होते. सिमेंटची पोती येऊन व्हरांड्यात पडली. रोज सकाळी फाटकातून शिरताना मला स्वतःची लाज वाटे. त्या बाईला एवढं एकच मागे ठेवून जायचं होतं, आणि मी ते माझ्या मोरीत ओतलं होतं. दुसऱ्या आठवड्याअखेर खुंटांवर हिरवे ठिपके आले. त्यानंतर मात्र मोजायला वेळ मिळाला नाही.

समारंभाच्या सकाळी पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत जांभळा होता, आधीपेक्षा दाट, वर फुलपाखरांची गर्दी. येणारे पालक नजर चुकवून आत जात होते. कुणी कधी तोडलं ते ज्याचं त्याला ठाऊक. मिर्ताबाई पूर्ण पट्टा चालून आल्या. मग माप घ्यायला आलेल्या गवंड्याला म्हणाल्या, "ती पोती मागच्या पायऱ्यांना वापर." आणि ओबदुलियाकडे वळल्या. "पण उद्यापासून तुम्ही नाही. हे सगळं बघणार कोण?"

ओबदुलिया त्या दिवशी पहिल्यांदाच झाडूशिवाय उभी होती, इस्त्रीच्या कपड्यांत.

"कुणी बघायला नको, अशीच शोधून लावलीय," ती म्हणाली. "पाणी नको, राखण नको. आणि वर्षातून एकदा छाटायला अख्खं गाव आहे."