रोज कमी भरणारी खडी

मंदीत कापसाचा भाव कोसळला, तेव्हा सरकारने लोकांसाठी शहाद्याजवळ खडी फोडण्याचे काम काढले. ठरलेला ढीग भरला की काम बंद, असा हुकूम होता. ढीग मोजणारे कारकून माझे शेजारी. रोज काठी लावून, पंचांग पाहिल्यासारखा चेहरा करून ते म्हणत, “कमी शे. उद्या या.”

एक मजूरबाई हसायची, “दादा, तुन्ही काठी रोज वाढस का?”

एकदा साहेबांनी स्वतः मोजले. ढीग पुरून उरला. मजुरांचे चेहरे पडले.

कारकून अदबीने म्हणाले, “साहेब, खडी रस्त्याच्या चुकीच्या बाजूला पडली आहे.”

बाजू कुठली, हे कागदात कुठेच नव्हते. साहेबांनी तरीही नकाशा उघडला आणि चूक आपणच शोधल्याच्या थाटात हुकूम दिला: सर्व मजुरांनी सगळी खडी पलीकडे न्यावी.