ऑफिसवाल्यांचा राब

आमच्या गावात कुणाचंच गुपित राहत नाही, आणि त्याला लोकांचा स्वभाव कारण नाही. कारण आहे तो धोंडा. मुरबाडच्या पुढं, वैशाखरे गावाच्या अलीकडे मुख्य रस्त्यावरून आत वळलं की आमची वस्ती, आणि वस्तीच्या टोकाला, विहाराच्या मागं, एक बसका काळा धोंडा. मोबाईलला रेंज काय ती तिथं. तीसुद्धा उभं राहिलं तर, बसलात की गेली. त्यामुळं ज्याला बोलायचंय त्यानं धोंड्यावर चढायचं आणि बोंबलायचं. कुणाच्या पोरीला बघायला कुठली मंडळी येणार, कुणाचा जावई रुसला, सगळं गाव आपापल्या ओट्यावर बसून ऐकतं. मी एकदा तिथून डॉक्टरांना आईच्या बद्धकोष्ठाबद्दल विचारलं, तर मी घरी पोचायच्या आत शेजारची काकी एरंडेलाची बाटली घेऊन हजर. वर म्हणते, "डॉक्टरला काय विचारतंस? मला विचारायचं ना."

आईचं असं झालं होतं की ती गोठ्यात घसरली आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. कल्याणला ऑपरेशन झालं, हाडात सळी घातली, वॉकर मिळाला. घरात आम्ही दोघीच. वडील कधीच गेले आणि मी लग्न केलं नाही. का केलं नाही ते ऐकायचं असेल तर धोंड्यापाशी या, तिथं सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. मी कल्याणला एका विम्याच्या कचेरीत नोकरीला. आईसाठी घेतलेली रजा संपत आली तेव्हा साहेबांपुढं हात जोडले. साहेब तसे बरे. म्हणाले, घरून काम करा, माझी ना नाही, पण नेट पक्कं पाहिजे. पुढच्या सोमवारी सगळ्या शाखांची मीटिंग आहे, व्हिडिओवर. ती नीट पार पडली तर पुढचं वर्षभर घरून. मध्येच अडकलात, तर मंगळवारी खुर्चीवर हजर.

म्हणजे मंगळवारपासून काय? वॉकरवर चालणाऱ्या आईला एकटीला टाकून पहाटे निघायचं आणि अंधार पडल्यावर परतायचं. नाहीतर कल्याणला खोली घेऊन तिला तिकडं न्यायचं. ह्या दुसऱ्या मार्गाचा विषय मी एकदाच काढून बघितला.

"कल्याणला? मी?" आईनं वॉकर असा आपटला की मांजर माळ्यावर पळालं. "मला काय पेटीत भरून नेणार काय? माजा दाणा इथं, माजी माती इथं. जायचं तर तू जा. मी नाय मरत. उलट तू गेलीस की टीव्हीचा रिमोट तरी माज्या हाताला लागंल."

अशी आहे ती. मी पण तिचीच पोर. मी रिमोट उशीखाली घालून झोपले.

मग मी नेटच्या मागं लागले. मुरबाडच्या एका केबलवाल्यानं आमच्या रस्त्याच्या खांबापर्यंत तार आणलेली होती. खांबापासून आमचं घर म्हणजे मध्ये आमचंच एक वावर, बस. त्यासाठी त्या माणसानं मला इतके दिवस नाचवलं की विचारू नका. आज येतो, उद्या येतो, गाडी पंक्चर आहे. शेवटी मी धोंड्यावरून त्याला जे काही बोलले, त्यानंतर गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी माझ्याकडं आदरानं बघायला सुरुवात केली. शुक्रवारी तो आला. पोट पुढं, तार जोडायचं मशीन मागं. खांबावरून काळी बारीक तार खाली सोडली, वावरातून तशीच जमिनीवरून ओढत घरात आणली, नेटचा डबा भिंतीला ठोकला.

"खांब नंतर टाकू ताई," म्हणाला. "आता चालू झालं ना? मग बास."

डब्यावर हिरवे दिवे लागले. साहेबांना व्हिडिओ लावून बघितला, तर चेहरा इतका स्वच्छ दिसला की त्यांच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा कळलं. काकी बघायला आली, डब्याला लांबून नमस्कार करून गेली. मी खुशीत शिरा केला.

आईचा मात्र जीव त्या तारेत अडकला. रात्रभर तिला म्हणे वानरं दिसत होती. शनिवारी सकाळीच तिनं वावराच्या बांधावर खुर्ची टाकायला लावली आणि वॉकर काठीसारखा रोखून हुकूम सोडला, "ती तार झाक. उघडी राह्यली तर ढोरं तुडवतील, वानरं चावतील. आणि मग तू बसशील रडत."

मी म्हटलं, दोन दगड ठेवते. नाही. बाईसाहेबांना पटेना. आधी गोठ्यातलं सुकं शेण आण. ते पसर तारेवर. आता त्यावर ऐनाचा पाला घाल. पातळ नको, चांगला थर बसव. त्यावर गवत. आता बारीक माती, ढेकळं फोडून, वाऱ्यानं उडता कामा नये. खांबापासून घरापर्यंत. मी घामानं निथळत होते आणि तिला नको नको ते बोलत होते, आणि ती खुर्चीवरून, "तिकडं कडेला उघडं पडलंय, डोळे फुटले काय गो?" पण काम झाल्यावर बघितलं तर, खरं सांगते, सुंदर दिसत होतं. सरळ, एकसारखं, दाबून बसवलेलं. तार कुठं आहे हे कुणाच्या बापाला कळलं नसतं.

आता ज्यांना भातशेती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं भाताची रोपं तयार करायची जागा आधी भाजून घेतात. जमिनीवर शेण पसरायचं, त्यावर पाला, त्यावर गवत, त्यावर बारीक माती. मग वारा पडला की पेटवून द्यायचं. तण जळतं, राख होते, रोप जोमानं येतं. त्याला राब म्हणतात.

हो. तेच. आईनं जन्मभर राब घातले, तिच्या हाताला झाकायची दुसरी रीतच ठाऊक नाही. तिनं सांगितलं आणि मी, शिकलेली सवरलेली, विम्याच्या कचेरीत आगीचे दावे तपासणारी, माझ्या इंटरनेटचा यथासांग राब घातला.

दुपारी आईच्या गोळ्या आणायला मी मुरबाडला गेले. परत येताना जीपमधून उतरले तर सगळीकडं राबांचा धूर. दिवसच ते होते. मला तो वास फार आवडतो. छाती भरून श्वास घेतला, मनात म्हटलं, काय सुख आहे गावात. पाच पावलं पुढं आले आणि पळत सुटले. आमच्या वावरात, खांबापासून घरापर्यंत, एक काळी सरळ रेघ धुमसत होती. रेघेच्या टोकाला काकी, हातात पेंढ्याची जळकी चूड, आणि चेहऱ्यावर केवढं समाधान!

"ये गो ये!" तिनं लांबूनच हाक मारली. "बघ कसा भाजलाय! कुठं म्हणून कच्चा नाय राह्यला. म्हटलं तुजी आई पाय मोडून निजलीय, तू ऑफिसवाली, तुला काय वारा कळतो? माजा पेटवलाच होता, तुमचापण लावून टाकला."

 मी एवढंच विचारलं, "काकी, इतका लांबडा नि बारीक राब कुणी घालतं काय?"

"मलापण नवल वाटलं," काकी म्हणाली. "पण म्हटलं, असंल ऑफिसवाल्यांची रीत."

घरात डब्यावर लाल दिवा लुकलुकत होता. आई झोपेतून उठली, धूर हुंगला, लाल दिवा बघितला, आणि दोघींची जी जुंपली! आई म्हणे, दुसऱ्याच्या वावरात विचारल्याबिगर काडी लावतंस? काकी म्हणे, काडी लावण्यासारखं तूच करून ठेवलंस, वर एवढं झ्याक! त्यात मी मध्ये पडले आणि दोघींवर ओरडले. जन्मात ओरडले नव्हते इतकं. म्हटलं, झालं ना मनासारखं? आता मंगळवारी मी जाते, बसा दोघी राख उकरत! आणि मला रडू आलं. रागानं आलं, दुसरं काही नाही, असं मी तेव्हा म्हणत होते.

 आई भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "जा की. सांगितलं ना, मी नाय मरत."

काकी काही न बोलता निघून गेली. काकी काही न बोलता गेली, हे आमच्या वस्तीत पहिल्यांदा घडत होतं.

रविवारी सकाळी धोंडा गाठला. केबलवाल्यानं फोन उचलला, मागं डीजे. धोंड्यावर माणूस समोरच्याचं बोलणं मोठ्यानं परत म्हणतो, ती सवयच आहे, नाहीतर आपल्याला नीट ऐकू आलं की नाही हे कळत नाही. तर मी म्हणत गेले, "काय? मेव्हणीची हळद? टोकावड्याला? आज येणार नाही? मंगळवारी बघू?" मी खाली उतरले तेव्हा काकीच्या दाराला कडी होती.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पण टोकावड्याचे लोक अजून सांगतात. काकी भर हळदीच्या मांडवात शिरली. हा माणूस सासुरवाडीच्या पंगतीत मटणावर बसलेला. काकीनं डीजे बंद करायला लावला. आणि सासू-सासरे, मेव्हणे, सगळ्या गोतावळ्यासमोर म्हणाली, "ह्या पाव्हण्यानं तार जमिनीवर टाकली, मी ती चुकून जाळली. आता एका लंगड्या बाईची एकुलती पोर गाव सोडून चालली, आणि ह्याच्या नरड्याखाली मटणाची नळी उतरतेय. उतरू दे. मी बसते इथं. त्याचं जेवण झालं की आमी जाऊ." आणि बसली पंगतीसमोर मांडी घालून, त्याच्या पानाकडं बघत.

बिचारा अर्ध्या पानावरून उठला.

दुपारी तो आमच्या वावरात आला तेव्हा दोन्ही गाल, कपाळ, कान पिवळेधमक. मशीन त्याच्या गाडीतच होतं. तोवर वस्तीतल्या लोकांनी, कुणी बोलावलं नव्हतं, घराघरातले बांबू आणून वावरात रोवायला घेतले होते. नवी तार बांबूंवरून नेली, माणसाच्या डोक्याच्या वर. केबलवाल्यानं जोड मारला. डब्यावर हिरवा दिवा लागला तेव्हा काकी हात जोडायच्या भानगडीत पडली नाही. डब्याला म्हणाली, "आता विझून दाखव."

सोमवारच्या मीटिंगला दारात आई खुर्चीवर, उंबऱ्यावर काकी, दोघींमध्ये अजून अबोला, पण पहारा एकत्र. कोंबडा आरवायला लागला तर काकीनं त्याला टोपलीखाली कोंबला. मीटिंग एकदाही अडकली नाही. शेवटी साहेब म्हणाले, "छान. चालू द्या घरून." तेवढ्यात माझ्या खांद्यावरून काकीचं डोकं पडद्यात. "दिसतो काय साहेब आमी? नीट दिसतो ना? मग हिला आता बोलवायची नाय."

"ह्या कोण?" साहेबांनी विचारलं.

"आमच्याकडचा टेक्निकल सपोर्ट," मी म्हटलं.

आई फस्सकन हसली, काकीला टाळी दिली, आणि अबोला तिथंच संपला. अर्थ दोघींनाही कळला नव्हता.

मिरगाचा पाऊस जवळ आला तेव्हा आई म्हणाली, ती भाजलेली रेघ वाया कशाला घालवायची? एवढी राख पडलीय, दाणा टाक तिच्यात. मी कणगीतलं बियाण्याचं गाठोडं काढायला गेले तर ते जागेवर नाही. शोधता शोधता कणगीच्या मागं हात घातला आणि एक पिशवी हाताला लागली. तोंड सुतळीनं बांधलेलं. आत आईची दोन लुगडी, तिच्या गोळ्यांचं एक जास्तीचं पाकीट, बाबासाहेबांचा भिंतीवरचा छोटा फोटो. त्याची जागा भिंतीवर रिकामी होती आणि मी आंधळीनं इतके दिवस पाहिलं नव्हतं. सगळ्यात खाली, फडक्यात बांधलेलं बियाणं.

मी पिशवी तशीच उचलून बांधावर आणली. आई खुर्चीवर होती.

"हे काय गं?"

"काय म्हणजे? तुजं नेट नाय लागलं असतं तर मी काय करणार होते? ज्या दिवशी तू खोलीचं बोललीस, त्याच दिवशी भरली." ती मांडीवरची माती झटकत होती. "खोलीला खिडकी असंलच ना? डब्यात माती घालून पेरलं असतं मूठभर."

मला संताप आला. म्हटलं, "तू यायला तयार होतीस! आणि मला पेटी काय, रिमोट काय! आधीच सांगितलं असतंस तर..."

"तर तू नेटच्या मागं लागली असतीस काय?" आई म्हणाली. "खोली बघून मोकळी झाली असतीस. आण ते बियाणं इकडं."