कोरड्या नदीची ओटी

सासूबाईंना आमच्याकडे येऊन साडेतीन महिने झाले होते, आणि साडेतीन महिन्यांत त्यांनी माझ्या मुलीबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. मुलगी म्हणजे आदल्या जुलैत, आठव्या महिन्यात, पोटातच गेली ती. सासूबाईंचं तिकीट खरं तर तिच्यासाठीच काढलेलं होतं, ऑगस्टचं, बाळंतपणाला म्हणून. ते कॅन्सल केलं आणि मग त्या नोव्हेंबरात आल्या. विमानतळावर मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, वाळलीस गं. बस्स. त्यानंतर अळीमिळी गुपचिळी.

मी मुळात तोंडाळ बाई. माहेरी पुण्यात आम्ही चौघी बहिणी, आमचं भांडण झालं की शेजारच्यांनाही दोन्ही बाजू पाठ व्हायच्या. मला हे गप्प राहणं सोसेना. नवराही आईवरच गेलेला. ॲरिझोनात, मेसा गावी, एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत तो इंजिनिअर होता. संध्याकाळी घरी यायचा आणि जेवताना हवेबद्दल बोलायचा. ॲरिझोनात हवेबद्दल काय डोंबल बोलणार? रोज ऊन. मुलीला त्यानं पाहिलंही नव्हतं. नर्सनं तिला कापडात गुंडाळून आणली तेव्हा म्हणाला, मला नाही जमणार, आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभा राहिला. मी तासभर तिला मांडीवर घेऊन बसले होते. म्हणजे तिला बघितलेली घरात मी एकटी, आणि मला कुणी काही विचारत नव्हतं. सासूबाई समोर बसून भाजी निवडायच्या. मला वाटायचं, आता विचारतील. त्या विचारायच्या, डाळ भिजत घातलीस का?

जानेवारीत आमच्या मराठी मंडळींत एकीचं डोहाळजेवण होतं. दहा-बारा घरं आमची सगळी, एकमेकांच्या घरी दार न वाजवता जाणारी. ओटी भरायची वेळ आली तेव्हा एक काकू माझ्याजवळ आल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, तू दमली असशील, आत जरा पानांचं बघ ना. मी काय समजायचं ते समजले. आत गेले तर सासूबाई ओट्यापाशी आधीच कोशिंबिरीची काकडी चोचवत उभ्या. बाहेर गाणी चाललेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दुसरी सुरी पुढं सरकवली आणि काकडी चोचवत राहिल्या. त्या वेळी मला त्यांचा इतका राग आला की सुरी ठेवून बाथरूममध्ये जाऊन बसले.

परत जायला आठ दिवस उरले तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी एकदम विचारलं, तुमची नदी कुठली रे? नवरा हसला. आमची नदी म्हणजे फ्रीवेच्या पुलाखालचा दगडगोट्यांचा पट्टा. तिच्यात खडीचे ट्रक फिरायचे. सासूबाई सांगलीजवळच्या, कृष्णाकाठच्या. म्हणाल्या, अशी कशी नदी? माणसं वसली म्हणजे नदी असणारच. मग नवऱ्यानं गाडीतला नकाशा आणून टेबलावर पसरला. दक्षिणेला हीला नावाची नदी सापडली, चांगली लांबलचक निळी रेघ, आणि तिच्या काठावर फ्लॉरेन्स नावाचं शंभर वर्षांहून जुनं गाव. शिवाय वाटेत कासा ग्रांदे, म्हणजे वाळवंटातलं मोठं घर, फार जुनं, भग्न. एका दगडात दोन पक्षी, असं म्हणून त्यानं शनिवार ठरवला. तीन वर्षं आम्ही त्या मुलखात राहत होतो, पण नदीत पाणी आहे का, हे कुणाला तरी विचारावं असं इंजिनिअरसाहेबांच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. निळी रेघ बघितली आणि पाणी गृहीत धरलं.

शनिवारी सकाळी मी तिखटमिठाच्या पुऱ्या डब्यात भरत होते, तेव्हा सासूबाईंची पिशवी दिसली. आत हिरवा खण, नारळ, तांदळाची पुडी, हळकुंड, सुपारी, हळदीकुंकवाचा करंडा. खण त्यांनी गावाहून आणला असणार, इथं मेसात तर असला खण मिळत नव्हता. म्हटलं, घ्या. नातीबद्दल चकार शब्द नाही, आणि नदीसाठी सातासमुद्रापलीकडून खण. मनाशी ठरवूनच टाकलं, की जायच्या आत एकदाही विचारलं नाही तर या बाईंना मी जन्मात माफ करणार नाही.

कासा ग्रांदे खरंच मोठं घर निघालं. चार मजली, सगळं मातीचं, आणि पावसानं विरघळू नये म्हणून त्याच्यावर प्रचंड लोखंडी छप्पर उभारलेलं. चहूकडे सपाट वाळवंट आणि कपाशीची शेतं. टोपीवाला रेंजर सांगत होता की शेकडो वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी लाकडी अवजारांनी मैलोन् मैल पाट खणून नदीचं पाणी आणलं, या भिंती हातानं थापून थापून चढवल्या, आणि मग एके काळी सगळं सोडून दिलं. का, ते नक्की कुणाला ठाऊक नाही. नवरा भाषांतर करत होता. सासूबाईंनी विचारायला लावलं, ती माणसं गेली कुठं? रेंजर म्हणाला, कुठं जातील, त्यांची लेकरंबाळं इथंच आसपास राहतात, ते लोक हे घर अजून आपलं मानतात. सासूबाईंना ते पटलं. त्या भिंतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. लिंपणाचा हात कुठं उचललाय ते कळतंय बघ, एवढंच मला म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्यांच्या तोंडाकडे मी हल्ली बघतच नसे, भिंतीकडे बघूनच बोलले.

पुऱ्या खाऊन फ्लॉरेन्सला पोचलो. मातीच्या विटांची बैठी घरं, लाकडी खांबांच्या पडव्या, एक लांब मुख्य रस्ता आणि त्याच्यावर शुकशुकाट. कोर्टाच्या जुन्या इमारतीला घड्याळाचा मनोरा होता. सासूबाईंनी सवयीनं मनगटावरचं घड्याळ लावून घ्यायला वर बघितलं, तर ते घड्याळ नुसतं रंगवलेलं. खरं बसवायला पैसे उरले नव्हते म्हणे. हे आम्हाला दुकानाच्या पडवीत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं. त्यालाच नवऱ्यानं नदीची वाट विचारली. म्हातारा जरा वेळ आमच्याकडे, सासूबाईंच्या लुगड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, उत्तरेला पूल लागेल, पूल बघून घ्या. नदी तिथं असते कधीमधी. वर धरण बांधलं तेव्हापासून पाणी पाटांनी शेतांत जातं. पूर आला की मात्र येते, आणि आली की कुणाचं ऐकत नाही.

पुलाशी गाडी थांबवली. खाली अर्धा मैल रुंद वाळू. झुडपं, एक फुटका टायर, आणि पाण्याचा थेंब नाही. नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं. सॉरी आई, म्हणाला, मग घाईघाईनं म्हणाला, मागं कालव्यात चिक्कार पाणी दिसलं होतं, तिथं सोडू या, पाणी तर तेच आहे ना. सासूबाई म्हणाल्या, ते बांधलेलं पाणी, कुणाच्या तरी शेताचं. त्याची ओटी भरत नाहीत. मग त्याला म्हणाल्या, तू गाडीपाशी थांब, हे बायकांचं काम आहे. आणि पदर खोचून उतारावरून खाली निघाल्यासुद्धा. सत्तरीची बाई, पायांत कॅनव्हासचे बूट. पडल्या-बिडल्या तर काय घ्या, म्हणून मी मागोमाग धावले.

वाळूच्या मध्यावर जाऊन त्या खाली बसल्या आणि पिशवी माझ्यापुढं केली. भर, म्हणाल्या.

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, वाळूची ओटी भरतात का कधी? आणि मीच का? तुम्ही आणलंय, तुम्ही भरा.

त्या म्हणाल्या, "माझ्या हातानं कुठं चालतंय? हे गेल्यापासून नऊ वर्षं झाली, मी कुणाची ओटी भरलेली नाही."

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं. त्या दिवशी स्वयंपाकघरात त्या माझ्या आधी काकडी चोचवत उभ्या होत्या, त्या कुणी पाठवलं म्हणून नव्हे. नऊ वर्षं बाहेर गाणी सुरू झाली की त्या आपणहून आत जात होत्या. मला एकदाच पाठवलं तर मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. मला लाज वाटली, पण राग काही गेला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली मी.

म्हटलं, "माझ्या हातानं तरी कुठं चालतं? पाहिलंत ना त्या दिवशी."

"पाहिलं. तेव्हापासूनच मनात होतं," त्या म्हणाल्या. "तुझ्या हातानं चालतं. मी सांगते, चालतं. बस खाली."

मी बसले. त्यांनी दोन्ही हातांनी वाळू उकरायला सुरुवात केली. आमच्याकडे उन्हाळ्यात नदी आटली की असा झरा काढतात, म्हणाल्या, हातभर गेलं की ओल लागते. त्या कोपरापर्यंत उकरत गेल्या. मीही उकरू लागले. ओल काही लागली नाही. आत वाळू थोडी गार होती, एवढंच. असू दे, त्या म्हणाल्या, येईल तेव्हा तिला मिळेल. मग मी त्या खड्ड्यात हळदकुंकू वाहिलं, खण ठेवला, नारळ ठेवला, पाच वेळा तांदूळ घातले. आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्या हातानं कुणाची तरी ओटी भरली जात होती. सासूबाईंनी वरून वाळू लोटली आणि हात जोडले.

उठायला म्हणून मी त्यांना हात दिला. त्यांनी तो धरला, पण उठल्या नाहीत. खालीच बघत म्हणाल्या,

"कुणासारखी होती गं?"

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि मी परत त्यांच्याजवळ बसले. साडेतीन महिने ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावला होता ते आलं होतं, आणि मी उगाच खड्ड्यावरची वाळू सारखी करत राहिले.

त्याच म्हणाल्या, "विचारू की नको, असंच होत होतं रोज. वाटायचं, तू कशीबशी उभी आहेस, आपण विचारलं आणि कोसळलीस तर सावरायचं कुणी? मी पण चार दिवसांत जाणार. पण न विचारता गेले असते तर विमानातच मेले असते."

मग मी सांगितलं. जावळ दाट होतं, काळंभोर. नखं वाढलेली, आता कापायला हवीत इतकी. डाव्या पायाचं करंगळीचं बोट शेजारच्या बोटावर चढलेलं. त्या मान हलवत ऐकत होत्या. शेवटचं मला सांगायचं नव्हतं, पण ते आतून आपणच आलं.

"हनुवटी तुमची होती. ही अशी, मध्ये खळगा असलेली. म्हणून मला तुमच्याकडे बघवत नव्हतं, आई. तुम्ही समोर बसायचात आणि मला ती दिसायची."

त्यांनी वाळूनं भरलेला हात उचलून आपल्या हनुवटीवर ठेवला आणि तसाच धरून ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. म्हणाल्या, "अजून सांग."

मी पहिल्यापासून सांगायला लागले. नर्सनं तिला कशी आणली, कापड कसलं होतं, हातात घेतल्यावर वजन केवढं लागलं. मध्येच पाठीमागं वाळू वाजली. एवढा वेळ का लागतोय म्हणून नवरा खाली आला होता. मी थांबले. तो परत जाईल असं मला वाटलं, पण गेला नाही. आमच्यापासून चार हातांवर वाळूत बसला, गुडघ्यांत मान घातली आणि म्हणाला, "थांबू नकोस."