बाटली न्यायला थांबलेला बिराप्पा

हरणाबाईला ऑपरेशनला आत नेलं आणि बिराप्पानं दारापाशी उभं राहून डोक्याचा पटका सोडून हातात घेतला. बायकोच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ निघणार होती, आणि निघालेली गाठ बाटलीतून तपासायला नेणं हे घरच्या माणसाचं काम, असं तो धरून चालला होता. तासाभरानं नर्स बाहेर येताच तो म्हणाला, “बाटली द्या, मी निगतो यष्टीनं.”

वीस वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीची, बनुबाईची गाठ त्यानं अशीच पटक्यात बांधून जतहून सांगलीला आणली होती. बनुबाईनं माळावर हाळी दिली की कोसावरची मेंढरं माना वर करायची. तीच हाळी तिनं नव्या भावजयीला, हरणाबाईला, हौसेनं शिकवली होती. त्या गाठीचा रिपोर्ट आठ दिवसांनी आला, तोही वाईट. उरलेली ग्रंथी काढायला गळा पुन्हा कापावा लागला. बनुबाई वाचली, पण आवाजाची नस दुखावली ती कायमची. तेव्हापासून ती नुसती कुजबुजायची, आणि मेंढरं तिच्याकडं बघायचीसुद्धा नाहीत. आपणच बाटली उशिरा पोचवली, हे बिराप्पाच्या मनातून काही केल्या जात नव्हतं.

नर्स हसली. “मामा, यष्टी कशाला? तुकडा शेजारच्या खोलीत गेला.”

डॉक्टर प्रियदर्शनींनी कालच समजावलं होतं, पण धास्तीपुढं त्याच्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. सुईच्या तपासणीत गाठीचा उलगडा झाला नव्हता. म्हणून तुकडा गोठवून, त्याचे पातळ काप काढून लगेच बघणार होते. तोवर हरणाबाई भुलेतच राहणार. वाईट निघाली तर तिथंच सगळी ग्रंथी काढायची, साधी निघाली तर अर्धी राखायची. कधीकधी असं बघूनही नीट कळत नाही, हेही डॉक्टरबाईंनी लपवलं नव्हतं.

पटक्याला पीळ देत बिराप्पानं अर्धा तास काढला. मग डॉक्टरबाई बाहेर आल्या. “साधी दिसतेय, मामा. अर्धी ठेवली. पक्का रिपोर्ट आठवड्यानं येईल.” तो भिंतीला टेकून बसला आणि लेकरासारखा रडला. बायको वाचली म्हणून रडला, पण त्याहून जास्त बनुबाईसाठी.

दुसऱ्या दिवशी त्यानं घरी फोन लावून हरणाबाईच्या तोंडापुढं धरला. बनुबाई फोनचा स्पीकर मोठा करून मेंढरांच्या वाड्यातच बसली होती. हरणाबाईनं घसा सांभाळत, अगदी हलकी हाळी दिली. पलीकडून एकदम मेंढरांचा गलका उठला.

त्यातून बनुबाईची कुजबुज आली, “वळाकली गं. माजी हाळी वळाकली त्येंनी.”