दादाने विझवलेला दिवा

गाडी माझ्या नावावर होती आणि किल्ली दादाच्या खिशात. नागपुरातल्या नंदनवनच्या आमच्या घरात हे कुणालाच वावगं वाटत नसे, फार वर्षं मलाही नाही. बाबा गेल्यावर तोच घरातला पुरुष. त्याचा हात इतका पटकन सुटायचा की मिक्सर बंद पडला तरी आधी थप्पड मिक्सरलाच बसे.

गेल्या मे महिन्यात डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागला, मधोमध उद्गारचिन्ह असलेला. दादाने डॅशबोर्डवर गुद्दा हाणला. दिवा ढिम्म.

"उन्हानं हवा फुगली," तो म्हणाला. "जास्त झाली म्हणून बोंबलून राहिला."

नागपूरच्या उन्हात टायर फुटतात, म्हणून हवा कमीच ठेवायची, हे अर्धं शहर छातीठोकपणे सांगतं. खरं नेमकं उलटं आहे. हवा कमी असली की टायर रस्त्यावर दबतो, पळताना आतून तापतो आणि मग फुटतो. गाडीच्या पुस्तकात हे लिहिलंय, पण ते पुस्तक आमच्या घरात फक्त मी वाचलं होतं. दादाने चारही चाकांच्या वॉल्व्हमध्ये किल्लीचं टोक खुपसून हवा सोडली. मग स्टिअरिंगजवळची कळ दाबून धरली. दिवा गेला.

"पाय, गेला ना?" त्याने डॅशबोर्डकडे बोट दाखवलं.

त्या कळीने दिवा विझतो, बिघाड जात नाही. चाकांत आत्ता आहे तेवढीच हवा बरोबर, असं आपण गाडीला सांगतो आणि ती बापडी ऐकते.

दुसऱ्या दिवशी आईला उमरेडला जायचं होतं, तिच्या आजारी भावाला बघायला. सकाळी टायर थंड होते आणि दादा झोपला होता. मी त्याच्या खिशातून किल्ली काढली आणि हवा मोजायचं गेज घेऊन बाहेर गेले. दाराच्या खांबावरचा स्टिकर हवेचा दाब तेहतीस सांगत होता. चाकं पंचविसावर होती, मागचं डावं तर अठरावर. त्यावर साबणाचं पाणी ओतलं तर एका जागी भराभर बुडबुडे येऊ लागले. खिळा! कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे भोक बुजवून घेतलं, चारही चाकांत तेहतीस भरली आणि मगच ती कळ दाबली. घरी येताना मी स्वतःवर भलतीच खूश होते.

दादा फाटकात उभा होता.

"कोणाले विचारून नेली गाडी?"

"दादा, हवा कमी होती. टायरात खिळा होता."

थप्पड अशी बसली की माझा चष्मा नालीत गेला. मी त्याच्या मनगटाला चावले, खरंच चावले. त्याने माझे केस धरून डोकं फाटकावर आपटलं. दोघांचीही पन्नाशी उलटलेली. समोरच्या खिडकीतून कुणीतरी बघत होतं आणि बघतच राहिलं. त्या क्षणी मला त्याचा जीव घ्यावासा वाटला.

आई दारात आली. "उगी राय वं पोरी. काहून डिवचते त्याले?"

मग माझ्यादेखत त्याने चारही चाकांची हवा पुन्हा सोडली, आधीपेक्षा जास्त, राग जिरेपर्यंत.

मी जायला नको होतं. पण आई त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली, आणि तिला त्या टायरांवर एकटीला धाडणं मला जमेना. मी मागे बसले.

उमरेड रोडवर दिवा परत लागला.

"दादा, पाया पडते तुझ्या, हवा भरून घे."

त्याने गाडी थांबवली खरी. कळ दाबून दिवा विझवला आणि मागे वळून उलट्या हाताने माझं तोंड फोडलं. आई समोर बघत होती. त्यानंतर त्याने गाडी अशी दामटली की कोळशाचे ट्रक भराभर मागे पडू लागले.

मागचा उजवा टायर फुटला. गाडी आडवी फिरली, पुलाच्या कठड्यावर आदळली आणि थांबली. सीटचा पट्टा काचतो म्हणून आई तो कधी बांधत नसे. तिचं कपाळ काचेवर फुटलं.

दादाला साधं खरचटलंही नव्हतं. त्याने उतरून फाटक्या टायरला लाथा घातल्या, मग बोटांची सालटं निघेपर्यंत पत्र्यावर बुक्के मारत राहिला. मी आईला धरून बाभळीखाली बसवलं आणि तिच्या कपाळावर माझा रुमाल दाबला. तो तिच्या हातात देऊन मी उरलेल्या तीन चाकांना गेज लावलं आणि आकडे मोठ्याने वाचले. "बघ आई, बावीस. हेही बावीस. याच्यात तर वीसच." मी बरोबर होते एवढं तिने एकदा म्हणावं, दुसरं काही मला नको होतं. आयुष्यात एकदा.

आईने रुमाल कपाळावरून काढला. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरत होतं. तिने दादाला जवळ बोलावलं, त्याचा हात मांडीवर घेतला आणि त्याची बोटं पुसू लागली.

"तूच भरली होती ना वं हवा सकाळी?" ती मला म्हणाली. "पाय, लेकराचा हात फुटला तुह्यापायी."