इराणचा मान

तिसरं महायुद्ध अजून झालेलं नाही, याचं श्रेय जगात कोण कोण घेत असेल ते असो. किन्हवलीहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या गावात ते माझ्या चुलत सासऱ्यांना दिलं जायचं. देणाऱ्यांत पहिला नंबर अर्थात त्यांचाच. रोज दिवेलागणीला त्यांच्या ओटीवर जगातल्या सगळ्या भांडणांची सुनावणी व्हायची. काका बाकाच्या टोकाला मांडी घालून सगळ्यांचं ऐकून घ्यायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि निकाल द्यायचे, "आज काय व्हत नाय. निवांत जेवा." मग कुठे मंडळी चपला शोधायला लागायची. आमची आणि काकांची ओटी एका भिंतीची, त्यामुळे लग्न होऊन या घरात आल्यापासून भाकऱ्या थापता थापता मला क्षेपणास्त्रांचे पल्ले आपोआप पाठ झाले आहेत. शाळेत मी तिसरीला शिकवते, तिथे या ज्ञानाचा काही उपयोग होत नाही.

काका एसटीत कंडक्टर होते. शहापूर ते मुरबाड हा त्यांचा रस्ता, आणि प्रवाशांनी सीटवर विसरलेले पेपर हे त्यांचं वाचनालय. पण विसरलेला पेपर अख्खा कधीच नसतो. त्याचं एक पान कोणी ओल्या सीटवर अंथरलेलं असतं, एकात कोणी सुकी मच्छी गुंडाळून नेलेली असते. त्यामुळे जगातल्या बहुतेक घडामोडी काकांना निम्म्याच कळल्या. 'दोन्ही राष्ट्रप्रमुखांनी हस्तांदोलन केले आणि त्यानंतर', इथे कागद फाटलेला. त्यानंतरचं काका स्वतःच पुरं करत, आणि तेही कंडक्टरच्या अनुभवाने. त्यांच्या मते जगातली झाडून सगळी भांडणं खिडकीच्या जागेवरून होतात. "ह्यो आधी बसला, त्यानं रुमाल टाकलेला. झाला! पुढं तोफा आल्या काय नि रणगाडं आलं काय, मूळ रुमालात हाय." नव्वद साली कुवेतवरून लढाई पेटणार, असं त्यांनी भर गाडीत जाहीर केलं होतं आणि ती खरंच पेटली. त्यांचे बाकीचे अंदाज कोणी लक्षात ठेवले नाहीत, पण हा एक रस्त्यावरच्या सगळ्या थांब्यांनी लक्षात ठेवला. पुढे मोबाइलवर अख्खी बातमी यायला लागली, तरी काका निम्म्यावर थांबायचे. "पुढचा कळला मना," म्हणायचे.

मला बघायला ही मंडळी शहापूरला आमच्या घरी आली, तेव्हाची गोष्ट. स्वयंपाक येतो का, भरतकाम येतं का, असल्या प्रश्नांची तयारी करून मी पोहे घेऊन बाहेर आले. सासूबाई काही विचारणार, तेवढ्यात काकांनी घसा साफ केला आणि विचारलं, "नाटोबद्दल तुमचा काय विचार हाय?" माझ्या वडिलांना वाटलं, नाटो म्हणजे यांच्याकडची एखादी भावकी असावी. मी घाबरून जे सुचलं ते बोलले, की त्यांनी एकत्र बसून आपापसात मिटवावं, बाहेरच्यांनी मधे पडू नये. काका तिथेच उठून उभे राहिले. "पोरगी अलिप्त हाय. आपल्या घरात दोन जावा नि एक सासू, हिच्यासारखीच पायजे." माझं लग्न ठरलं ते असं. ती अलिप्तता पुढे किती टिकली, हे विचारू नका.

ओटीवरच्या बैठकीची खरी मौज मात्र तिच्या व्यवस्थेत आहे. सुरुवातीला सगळे एकाच देशाची बाजू घ्यायचे, आणि चहा उकळायच्या आत सगळ्यांचं एकमत होऊन चर्चा आटपायची. काकांना ते मुळीच मान्य नव्हतं. आमच्याकडे गावदेवीच्या जत्रेत घरोघरचे मान ठरलेले आहेत. पालखीचा पहिला खांदा एका घराचा, नारळ फोडायचा मान दुसऱ्याचा, ढोल तिसऱ्याचा. बापाकडून मुलाकडे तो जातो आणि त्यात कोणी ढवळाढवळ करत नाही. काकांनी त्याच रीतीने देश वाटून टाकले. रशिया गेला वरच्या आळीतल्या थोरल्या घराला. ज्याच्या मेव्हण्याचा मुलगा न्यू जर्सीला आहे, त्याला अमेरिका. जत्रेत खेळणी विकणाऱ्याला चीन. भारत काकांनी कोणालाच दिला नाही. तो देवीचा, म्हणाले. वाटणी झाली आणि गावाने ती अशी काही अंगाला लावून घेतली, की विचारू नका. रशियाचे म्हातारे वारले, तर दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा गंभीर चेहऱ्याने ओटीवर येऊन बापाच्या जागेवर बसला. अमेरिकेने एकदा फवारणीचा पंप द्यायला नकार दिला म्हणून रशियाने त्यांच्या हळदीला जेवायचं टाळलं, आणि त्यांची समजूत घालायला काकांना आळीत तीन घरं फिरावं लागलं. आपला देश सोडून बाहेर जायचं तर रीतसर सांगून जावं लागायचं. "मी मुरबाडला डोळं दाखवून येतो, तवर जरा चीनवर लक्ष ठेव रे," हे वाक्य मी या कानांनी ऐकलेलं आहे.

या सगळ्यांत माझा लाडका इराण. खालच्या आळीचा हा गृहस्थ वाटणीला उशिरा आला, तेव्हा जे उरलं होतं ते त्याच्या गळ्यात पडलं. तीन म्हशी आणि थोडं भात, एवढा त्याचा पसारा. म्हशीलासुद्धा कधी आवाज चढवून बोलला नसेल. पण ओटीवर आला की त्याच्या अंगात यायचं. "आमी सामुद्रधुनी बंद करू! मग बसा बोंबलत!" असं तो बाकावर थाप मारून ओरडायचा आणि काकूंच्या हातातली कपबशी हिंदकळायची. त्याने समुद्र कधी पाहिलेला नाही. सामुद्रधुनी किती रुंद असते, असं एकदा अमेरिकेने खोचकपणे विचारलं, तर तो थोडा विचार करून म्हणाला, "तानसाच्या धरणाएवढी आसंल. तेवढी आमी करू बंद." काकूंना या जागतिक राजकारणाचं कौतुक नव्हतं, पण इराणच्या चहात त्या साखर जास्त घालत. एरवी त्यांचा अधिकार सगळ्यांच्या वर. "बास झाली लढाई, मना कपबश्या घासायच्यात," असं म्हणून त्यांनी ओटीवरचा दिवा घालवला, की बड्या बड्या सत्ता अंधारात एकमेकांचा हात धरून पायऱ्या उतरत.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि काकांच्या धाकटीचं, मनीषाचं, लग्न निघालं. कोणाच्या तरी हळदीत तिने मुरबाडकडचा एक मुलगा पाहिला होता, त्यानेही तिला पाहिलं होतं, आणि दोघांचं ठरल्यासारखंच होतं. मुलगा चांगला, घर चांगलं. तो एसी दुरुस्तीच्या कामाला होता, फक्त कुवेतला. मनीषाने हे बापाला सांगायचं काम माझ्यावर टाकलं, कारण मी अलिप्त. मी 'कुवेत' म्हटलं आणि काकांनी हातातला फोन खाली ठेवला. ज्या गावाचं नाव घेऊन त्यांनी आयुष्यभर नाव कमावलं, तिथेच पोरगी निघाली होती. "वहिनी, ते नाय म्हणाले तर मी नाय करणार लग्न," मनीषा मला माजघरात म्हणाली, "पण दुसऱ्याशी पन नाय करणार." तिचा आवाज शांत होता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

मुलाकडची मंडळी आली. काकांनी हुंडा-मानपान काही विचारलं नाही. तिकडची परिस्थिती काय, एवढंच विचारलं. मुलगा बिचारा म्हणाला, "लय गरम हाय काका, पन आमच्याकडं एसी हाय." काकांनी विचार करून कळवतो असं सांगून त्यांना निरोप दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घालून थेट खालच्या आळीला इराणच्या गोठ्यात गेले. मी दूध आणायला तिथेच गेले होते, म्हणून हे मला माहीत. तो म्हशीची धार काढत होता. काका दारात उभे राहून म्हणाले, "पोरगी कुवेतला द्यायचा विचार हाय. तुझा काय?"

त्याने हात थांबवला. एवढा मोठा प्रश्न त्याला आयुष्यात कोणी विचारला नसावा. चरवी बाजूला ठेवून, हात पुसून तो उभा राहिला.

"काका, माझ्याकडून काय भ्या नाय. मनीषा आमच्यासमोर वाढली. शब्द देतो."

काकांनी मान डोलावली. घरी येऊन मुलाकडे होकार कळवला. मला हसू आवरेना, पण काकांचं तोंड बघून मी पदर तोंडाला लावला. ज्याची भीती वाटत होती, त्याला जाऊन विचारून आल्यावर माणसाला बरं वाटतं, हे मला तेव्हा कळलं.

मनीषा लग्न होऊन कुवेतला गेली आणि आमची ओटी बिघडली. काकांनी युद्धावर बंदी घातली. कोणी नुसतं 'तणाव' म्हटलं तरी ते विषय बदलत. अमेरिकेने एकदा विमानवाहू नौकेचं नाव काढलं, तर काका म्हणाले, "फिरायला आली असंल." रशिया कंटाळला. सगळं जग गुण्यागोविंदाने नांदायला लागल्यावर बोलायचं काय? एकेक जण यायचा बंद झाला. काका मात्र वेळेवर बाकावर बसायचे. भिंतीपलीकडून आवाज येईना तेव्हा मला माझ्याच घरात करमेना, आणि मी काहीतरी निमित्त काढून तिकडे जाऊन बसायला लागले.

मग एक दिवस तिकडे खरंच पेटलं. इराणची क्षेपणास्त्रं आखातावर सुटल्याच्या बातम्या सकाळपासून सुरू झाल्या, तिकडची विमानं थांबली, आणि मनीषाचा फोन लागेना. काकूंनी चूल पेटवली नाही. काका फोन हातात धरून बसले होते. त्यांनी बातमी निम्म्यावर थांबवली नव्हती; पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचत होते, पुन्हा पुन्हा. मी शाळेतून आले तेव्हाही तसेच बसलेले.

दिवेलागणीला ओटी भरली. बोलावलं कोणी नव्हतं. रशिया आला, चीन आला, अमेरिका तर आपल्या घरचा चहा किटलीत भरून घेऊन आला. महिनोन् महिने न फिरकलेली माणसं आपापल्या जागेवर बसली आणि एकानेही त्या विषयाचं नाव काढलं नाही. यंदा वालाला फूल किती आलंय, त्यावर अळी पडलीय का, यावर ते बोलत राहिले. एवढा वेळ वालावर बोलता येतं, हे मला माहीत नव्हतं. मी कप गोळा करायला उठले.

इराण सगळ्यांत शेवटी आला. तो पायरी चढलाच नाही. अंगणात उभा राहून त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"काका, मी शब्द दिलेला. तो ऱ्हायला नाय." त्याने टोपी पायरीवर ठेवली. "इराणचा मान आमी सोडला. आजपासून आमच्या घरात तो नको. दुसऱ्या कुनाला द्या, नायतर कुनालाच देऊ नका."

आमच्याकडे मान कोणी सोडत नाही. भावकी तुटली, जमिनी गेल्या, तरी माणसं पालखीचा खांदा सोडत नाहीत. अमेरिका खाली मान घालून बसला. थोड्या वेळाने तोही म्हणाला, "आमचा पन घ्या काका." मग रशिया म्हणाला. चीनने नुसती मान हलवली.

काका उठले, अंगणात गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, तू काय केलास? तू तर दिसभर म्हशीपाशी होतास." त्याला हाताला धरून त्यांनी वर आणलं आणि आपल्या शेजारी बसवलं.

जेवणवेळ टळायच्या आत फोन आला. मनीषा ठीक होती. दोघं घरात होती, नेट बंद होतं, एवढंच. "तुमी घाबरलाव काय?" असं ती वर विचारत होती. काका म्हणाले, "मी कशाला घाबरू? आमी वालाचा बोलत होतो." आणि फोन काकूंकडे देऊन ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. निघताना मंडळींनी दारात चपला घातल्या, तेव्हा ते न वळताच म्हणाले, "उद्या या रे. पन देश घरी ठेवून या."

माणसं येतात. भाताचं, वालाचं, पोरांच्या नोकऱ्यांचं बोलतात आणि लवकर उठतात. मला खरं सांगायचं तर ती जुनी आरडाओरड हवीशी वाटते, पण तसं बोलून दाखवायची ही जागा नाही. परवा बैठक उठल्यावर मी सवयीने विचारलं, "काका, पुढे काय होईल हो तिकडे?" एवढ्या वर्षांत या प्रश्नाला त्यांनी कधी अडीच सेकंद लावले नव्हते. त्या दिवशी त्यांनी चष्मा कपाळावर चढवलाच नाही.

"मना काय म्हायती, गो," ते म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, तिकडं आता किती वाजले असतील. त्यांना ते पाठ आहे, तरी रोज मलाच विचारतात. मी सांगितलं, आपल्या अडीच तास मागे.

"म्हंजे अजून उजेड हाय तिकडं," काका म्हणाले, आणि आत जेवायला गेले.