मखरामागचं दार

सेफ्टीकाका कुठेही गेले की आधी बसत नसत, आधी दारं बघत. लग्न असो, बारसं असो, कुणाच्या घरी जेवण असो, यजमान ‘या या’ म्हणत खुर्ची पुढे करत आणि काका ‘आलोच’ म्हणून भलतीकडेच चालू लागत. आमच्या करामा भागातल्या फ्लॅटवर पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा थेट स्वयंपाकघरात शिरले, गॅसची नळी वाकवून बघितली, जिन्याचं दार उघडून खाली डोकावले आणि मग हात धुऊन पानावर बसले. माझ्या सासूबाई तेव्हा दुबईला आल्या होत्या. त्या हळूच मला म्हणाल्या, “पाहुणा आहे की घरमालक?”

बर दुबई भागातल्या ज्या हॉटेलात मी पंच्याण्णव साली समारंभांची व्यवस्था बघणाऱ्या बॅन्क्वेट विभागात लागले, तिथे ते सेफ्टी ऑफिसर होते. वसईचे ख्रिस्ती, साठीच्या उंबरठ्यावरचे, बुटके, चालायला मात्र आमच्यापेक्षा भारी. तिकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चमध्ये रविवारची मिस्सा शुक्रवारीच होई; ती करून ते ड्यूटीवर येत. मला ‘बाय’ म्हणत, आपल्याकडे लेकीला म्हणतात तसं. परदेशात कुणी आपल्याला ‘बाय’ म्हणावं यासाठी मी तेव्हा किती आसुसलेली होते, हे मला स्वतःलाही माहीत नव्हतं.

नवा माणूस कामावर लागला की काका त्याला मोठ्या हॉलच्या मधोमध उभं करत, डोळ्यांवर नॅपकिन बांधत आणि म्हणत, “यल्ला, चल, आता बाहेर जाऊन दाखव.” धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो, भिंत धरून चाललं की दार सापडतंच, हा त्यांचा पहिला धडा. मी पहिल्या दिवशी भिंतीऐवजी शेफला धरलं. पुढची दोन वर्षं तो किस्सा काकांनी येईल त्याला ऐकवला.

हॉटेलच्या किचनशीही त्यांचं रोज वाजायचं. तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतताना कुणी सापडला की त्याची खैर नसे. ते तेल खाडीत जाणार, मासे मरणार, हे ते हिंदीत इतकं रंगवून सांगत की पंजाबी शेफसुद्धा मान खाली घाली. मला म्हणत, “आमच्या गावात खाडीत घाण टाकणाऱ्याला कुणी मुलगी देत नाही, बाय.” हे खरं की त्यांनीच रचलेलं, हे मी कधी विचारलं नाही.

लोक त्यांची चेष्टा करत, मीही करायची. पण त्यांच्या मनाला एक घोर होता, तो त्यांनी मला एकदा आब्रातून, तिथल्या होडीतून, खाडी ओलांडताना सांगितला. धाकटी मुलगी मुंबईत नर्सिंगला होती, दुसऱ्या वर्षाला. साठी पूर्ण झाली की व्हिसा हॉटेलच्या मर्जीवर, दर वर्षी नवी सही लागणार. “दोन वर्षं अजून मिळाली ना, की खलास. मग वसईला जाऊन केळी लावतो,” ते म्हणाले. दोनच वर्षं. एवढंच त्यांचं मागणं होतं.

त्याच वर्षी, सत्त्याण्णव साली, आमच्या मराठी मंडळाचा गणपती आमच्याच हॉटेलात बसवायचं ठरलं. दीड दिवसाचा गणपती, पाचशे माणसं, महाप्रसाद. बुकिंग माझ्याच हातून झालेलं, त्यामुळे मी हवेत होते. हॉलचा नकाशा मीच काकांकडे दिला होता, स्टेज उत्तरेच्या भिंतीला. आदल्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष फोनवर म्हणाले, “भटजी म्हणतात आरती करणाऱ्यांचं तोंड पूर्वेला हवं. स्टेज पूर्वेच्या भिंतीला घेऊ या.” मी ‘हो’ म्हटलं. त्या भिंतीत हॉलचं मागचं दार होतं, हे मला माहीत होतं. काकांना कळवायला हवं होतं. कामाच्या गडबडीत राहिलं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे ते नाही म्हणतील याची मला भीती वाटली.

शुक्रवारी काका चर्चमधून आले तेव्हा अकरा वाजले होते. प्राणप्रतिष्ठा होऊन गेली होती. मीना बाजारातून आणलेला लाल पडदा, त्यापुढे मुंबईहून मागवलेलं थर्माकोलचं मखर, त्यात बाप्पा, आणि या सगळ्याच्या मागे ते दार. एकदा प्रतिष्ठा झाली की उत्तरपूजेपर्यंत मूर्ती हलवायची नाही, हे काकांना कुणी सांगावं लागलं नाही. त्यांनी बूट काढले, मूर्तीसमोर जाऊन हात जोडले आणि अध्यक्षांकडे वळले.

“साहेब, बाप्पाला हलवू नका. माणसं हलवू. उरलेल्या दोन दारांवर तीनशेच माणसं चालतील. बाकीची लॉबीत बसतील, दुसऱ्या आरतीला आत येतील.”

अध्यक्षांच्या कंपनीचे बडे पाहुणे अजून यायचे होते. “अहो, दीड दिवसाच्या गणपतीत कसली आग लागतेय?”

“लागणार नाही, इन्शाल्ला. पण लागायची झाली तर ती मुहूर्त विचारत नाही.”

जनरल मॅनेजरचा फोन आला, ‘हबीबी, लेट इट गो’ म्हणून. काकांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि दारात उभे राहून स्वतः माणसं मोजली. तीनशे झाल्यावर हात आडवा केला. बाहेर मुलं विचारत होती, “अंकल, व्हाय कान्ट वी गो इन?” काका म्हणत, “नेक्स्ट टर्न युवर्स, डार्लिंग.” आरती दोनदा झाली, पंगती दोन बसल्या, मोदक गार झाले, आणि अध्यक्षांचे पाहुणे तासभर लॉबीतल्या सोफ्यावर घड्याळं बघत बसले.

दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांची तक्रार आली. जनरल मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावून एकच प्रश्न विचारला, हे सगळं अशा रीतीने करायची गरज होती का? तिथे मला सांगता आलं असतं, सर, चूक माझी आहे, स्टेज हलवल्याचं मीच कळवलं नाही. मला तेव्हा नोकरी लागून दोनच वर्षं झाली होती. मी म्हटलं, “ही कुड हॅव बीन मोअर फ्लेक्सिबल, सर.”

तीन महिन्यांनी काकांच्या व्हिसाचा कागद सहीविना परत आला.

त्या तीन महिन्यांत आणि पुढे जाईपर्यंतही काका माझ्याशी पूर्वीसारखेच वागले. बायकोने पाठवलेलं कोलंबीचं लोणचं दिलं. नव्या सेफ्टी ऑफिसरची ओळख करून देताना म्हणाले, “लेआउट बदलला की याला फोन करायचा, बाय. माणूस चांगला आहे.” विमानतळावर सोडायला मी गेले नाही, डोकं दुखतंय असं मी कळवलं.

त्या हॉलमध्ये पुढे कधीच आग लागली नाही. काका वसईला परतल्यावर आम्ही शेकडो लग्नं केली, वाढदिवस केले, आणि साधी ठिणगीही पडली नाही. लागली असती तर लोकांनी काकांचं नाव तरी काढलं असतं. आता मीच प्रत्येक हॉलमध्ये आधी दारं बघते, माझी मुलगी ‘ममा, प्लीज’ म्हणून लाजते.

दोन हजार तीन साली कुणाकडून तरी नंबर मिळवून मी वसईला फोन केला. काका बरेच थकल्यासारखे वाटले. मुलीचं एक वर्ष वाया गेलं होतं, पण ती नर्स झाली होती. मी म्हटलं, “काका, त्या वेळी केबिनमध्ये मी...”

“ठाऊक आहे. साहेबाच्या सेक्रेटरीने त्याच दिवशी सांगितलं होतं.”

मग काकांनीच विचारलं,

“बाय, त्या दिवशी गणपतीला माणसं किती आली होती?”

“पाचशे.”

“आणि घरी किती गेली?”

मी रडत होते.

“सांग की.”

“सगळी, काका.”

“मग झालं तर,” काका म्हणाले.